दर्याचा विसावा

आमच्या निफाडला समुद्र नाही. गोदावरी आहे, कादवा आहे, उसाचे मळे, द्राक्षबागा आणि कांद्याच्या चाळी आहेत. पण समुद्र पाहायचा तर घाट उतरून जावे लागते, आणि तालुक्यातली कितीतरी म्हातारी माणसे तो न पाहताच गेली. तरीही समुद्राची आणि आमची ओळख जुनी आहे. तो आठवडे बाजाराला येतो, गोणपाटावर बसतो आणि नुसत्या वासाने आपली जागा सांगतो. सुकट, बोंबील, जवळा, सोडे! ज्याच्या घरी चालते तो त्या बाजूला वळतो, ज्याच्या घरी चालत नाही तो नाकाला उपरणे लावून पुढे जातो. पण समुद्र तिथे आला आहे हे दोघांनाही ठाऊक असते.

मी लहान असताना आजीबरोबर बाजाराला जात असे. आषाढाच्या तोंडी एकदा सुकटीचा भाव ऐकून आजी उठायलाच निघाली. विकणारी बाई म्हणाली, "आजी, दर्या बंद झालाय आता. नवा माल नारळी पुनवेनंतर." मला मोठे नवल वाटले. शाळा बंद असते, गिरणी बंद असते. पण दर्या बंद कसा होईल? त्याला दार कोण लावतो? पुढे इतिहास शिकलो, शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न पोरकट नव्हता. दर्याला दार लावणारा मधल्या काळात बदलला आहे. तो कसा बदलला, हीच आज मला तुम्हाला सांगायची गोष्ट आहे.

पूर्वी हे दार वारा लावीत असे. ज्येष्ठात नैर्ऋत्येचे वारे सुटले की अरबी समुद्र खवळतो. शिडाची आणि वल्ह्याची होडी त्यापुढे टिकत नाही. म्हणून डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे कोळी, खारवी, गाबीत, दालदी आपापल्या होड्या वर ओढून घेत, त्या झापांनी शाकारीत आणि फाटकी जाळी दुरुस्त करीत बसत. श्रावणी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि मगच होडी पाण्यात लोटायची.

ही शिस्त गरीब कोळ्यांपुरतीच होती असे समजू नका. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे लिखाण. त्यात आरमारावर वेगळे प्रकरण आहे. दर्या उसळण्याच्या काही दिवस आधीच आरमाराची छावणी करावी, असे त्यात सांगितले आहे. आणि तीही दरसाल निराळ्या जागी. कारण एकाच बंदरात दरवर्षी छावणी पडू लागली, तर कितीही ताकीद दिली तरी तिथल्या रयतेला उपद्रव झाल्यावाचून राहत नाही. पाहा, ज्यांच्या तोफांना सिद्दी आणि फिरंगी वचकून असत ती गलबतेसुद्धा पावसाळ्यात खाडीच्या आश्रयाला येत होती. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, हा प्रसिद्ध भागही त्याच ग्रंथात आहे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ही दोन्ही प्रकरणे वर्गात एकापाठोपाठ वाचून पाहावीत. मुले कान देऊन ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आता एक खुलासा करायला हवा. आपले पूर्वज माशांच्या रक्षणासाठी घरी बसत होते असे अलीकडे पुष्कळ व्याख्यानांत सांगितले जाते. मला ते तितकेसे पटत नाही. ते बसत होते जिवाच्या भीतीने. आणि भीती ही काही लाज वाटण्याजोगी गोष्ट नव्हे. पण त्या भीतीचा फायदा माशांना मिळत होता. अनेक जातींच्या माशांचा विणीचा हंगाम पावसाळ्यात किंवा त्याच्या आगेमागे येतो. नद्या गाळ घेऊन समुद्रात उतरतात, त्या गाळावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जीव आणि त्यांवर माशांची पिल्ले पोसली जातात. नेमक्या त्याच दिवसांत जाळे पाण्याबाहेर असे. कोणी ठरवले नव्हते. ते आपोआप घडत होते, एवढेच.

ही गोष्ट शेतकरी बंधूंना विहिरीवरून चटकन समजेल. आपल्याकडे मोट होती. पहाटे बैल जुंपले, थारोळ्यात पाणी पडू लागले, दिवस वर आला की बैल दमत. बैल सोडले की विहीरही विसावत असे. रात्रभर झरे पाझरून सकाळी पाणी पुन्हा जागेवर येई. मग इंजिन आले, त्यामागून विजेची मोटार आली. इंजिनाला वैरण लागत नाही, ते दमतही नाही. विहीर तळाला गेली तेव्हा आपण आडवे बोअर घेतले, नंतर उभे घेतले. मोट ओढणाऱ्या माणसाला पाण्याचा हिशेब ठेवावा लागत नव्हता, तो हिशेब बैलांचे पाय ठेवीत होते. दर्यावर तो हिशेब वारा ठेवीत होता. आणि दोन्हीकडे इंजिन आले.

इंजिन येण्याच्या आधी एक समजूत आलेली होती, आणि ती आपल्याकडची नव्हे. समुद्र अफाट आहे, त्यातले मासे कधी संपायचे नाहीत, अशी ती समजूत. हॉलंडच्या ग्रोटियस नावाच्या कायदेपंडिताने १६०९ साली ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. समुद्र कोणा एका राजाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे. आणि मासेमारीने समुद्र खुंटत नाही, हा त्याचा एक आधार होता. पोर्तुगीज आपल्या समुद्रात परवाने काढायला लावीत होते त्या काळात हा विचार कुणालाही न्यायाचाच वाटला असता. पुढे १८८३ साली लंडनला मत्स्यव्यवसायाचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे थॉमस हक्सले या थोर जीवशास्त्रज्ञाने सांगितले की कॉड, हेरिंग, बांगडा असल्या मोठ्या सागरी माशांचे साठे बहुधा अक्षय आहेत. माणूस साधासुधा नव्हता. त्याच्या काळच्या जाळ्यांपुरते त्याचे बोलणे कदाचित खरेही होते. चुकला तो एवढ्यातच की जाळी आहेत तशीच राहतील असे त्याने धरून चालले.

त्याच कॉड माशाचे पुढे काय झाले ते ऐका. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलंड म्हणून प्रांत आहे. पाच शतके तिथे कॉड पकडला जात होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे प्रचंड कारखाना-जहाजे आली, आणि १९९२ च्या जुलैत कॅनडाच्या सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांच्या आसपास माणसे घरी बसली. दोन वर्षांपुरती म्हणून घातलेली बंदी पुढे तीस वर्षांहून अधिक काळ लांबली.

आपल्याकडे मुंबई सरकारने १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ नावाचे वाफेवर चालणारे ट्रॉलर आणून मुंबईच्या आसपासचा समुद्र धुंडाळून पाहिला. ट्रॉलर म्हणजे तळाशी पिशवीसारखे जाळे टाकून ते फरफटत नेणारी नौका. तो प्रयोग तेव्हा धंद्याच्या हिशेबाने जमला नाही. खरा पालट झाला स्वातंत्र्यानंतर. देशात धान्याची टंचाई होती, सकस अन्न हवे होते, कोळी सावकाराच्या कर्जात बुडालेला होता. होडीला इंजिन बसवले, बर्फाची सोय केली, सहकारी सोसायटी काढली तर दोन्ही कामे साधतील, असा विचार झाला. १९५२ साली नॉर्वेच्या मदतीने केरळात कोल्लमजवळ प्रकल्प सुरू करण्याचा करार झाला. मुंबई राज्यातही इंजिनांसाठी कर्जे मिळू लागली. हे करणाऱ्यांना आज दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. त्यांच्यापुढे उपाशी माणसे होती.

पण मधेच कोळंबी आली. अमेरिकेत आणि जपानात तिला सोन्याचा भाव मिळू लागला. कोळंबी राहते तळाशी, म्हणून तळ खरवडणारे जाळे हवे. जाळे ओढायला मोठे इंजिन हवे. इंजिनाचे कर्ज फेडायला आणखी कोळंबी हवी. एक टोपली कोळंबीबरोबर जी इतर मासळी आणि पिल्ले वर येत, त्यांचा मोठा भाग मरून वाया जाई. सकस अन्नासाठी आणलेले इंजिन परदेशी ताटासाठी धावू लागले. ज्या गरीब कोळ्यासाठी ते आणले तो वल्हे घेऊन तसाच राहिला, आणि त्याच्या दारातल्या उथळ पाण्यात दुसऱ्याचा ट्रॉलर फिरू लागला.

याचा पहिला मोठा भडका आपल्या शेजारी, गोव्यात उडाला. तिथे रापण ओढणारे मच्छीमार आहेत, तसेच आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडेही आहेत. रापण म्हणजे लांबच लांब जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा, अशी त्याची रीत आहे. म्हातारा असो की पोर असो. आमच्याकडच्या खळ्यावर बलुतेदार सूप घेऊन उभा राही, त्याचीच आठवण व्हावी. मासे किनाऱ्याशी येईनात तेव्हा या रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात चळवळ उभारली. किनाऱ्यालगतचे पाणी आमच्यासाठी राखा, एवढीच त्यांची मागणी होती. इतर राज्यांतही मारामाऱ्या झाल्या, होड्या जळाल्या. केंद्राने १९७६ साली मजुमदार समिती नेमली आणि पुढे राज्यांसाठी कायद्याचा नमुना तयार झाला. केरळने आणि गोव्याने १९८० साली, महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडे केंद्राच्या, अशी ही वाटणी आहे. बारा सागरी मैल म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, निफाडहून लासलगाव गाठण्याइतके. माशाला मात्र या हद्दी कोणी समजावून दिलेल्या नाहीत.

आता पावसाळी बंदीकडे येऊ. इंजिनाच्या नौकेला ज्येष्ठाचा वारा पूर्वीइतका भिववीत नव्हता. मग वाऱ्याने लावायचे दार सरकारने लावायचे ठरले. महाराष्ट्रात पूर्वी १० जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत, जे आधी येईल तोवर, यांत्रिक नौकांना मनाई असे. २०१५ पासून साऱ्या पश्चिम किनाऱ्याला एकच नियम लागू झाला: १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. बिनइंजिनाच्या होडीला त्यातून सूट आहे. टाळेबंदीच्या साली, २०२० मध्ये, हे दिवस सत्तेचाळीसवर आले होते.

इथे पंचांग आणि राजपत्र यांचा मेळ बसत नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. नौका १ ऑगस्टलाच गेल्या होत्या. दर्यात नारळ पडायच्या आधी महिनाभर जाळी पडत होती. कोकणातल्या एका वयस्क मच्छीमाराशी माझे यावर बोलणे झाले. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या बापाला दर्या घरी बसवी. आम्हाला सरकार बसवते. दर्याशी कोणी भांडत नव्हता." त्यांच्या या बोलण्यात मला अख्ख्या कायद्याची अडचण दिसली. वाऱ्याला सवलत मागता येत नाही. सरकारला मागता येते, आणि सगळेच मागतात. कित्येक मच्छीमार संघटना मात्र उलट मागणी करतात, की बंदी पंधरा ऑगस्टपर्यंत वाढवा. हेही ऐकून ठेवण्याजोगे आहे.

दार नुसते लावून भागत नाही, कारण उरलेल्या दहा महिन्यांत जाळे फार मोठे झाले आहे. पर्ससीन म्हणून जाळे आहे. ते माशांच्या थव्याभोवती टाकून बटव्यासारखे खालून आवळतात, आणि तारली-बांगड्यांचा अख्खा थवा एका वेळी वर येतो. त्यावर महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले आणि त्याला सप्टेंबर ते डिसेंबर हेच महिने मोकळे ठेवले. झगझगीत दिवे लावून रात्री मासे गोळा करण्याच्या रीतीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. तरीही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीत महाराष्ट्राची मासळी २०१८ साली २ लाख ९५ हजार टन होती ती २०१९ साली २ लाख १ हजार टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळेही लागोपाठ आली, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

कागदावरचे रक्षण आणि किनाऱ्यावरचे रक्षण यांत किती अंतर असते, याची आपल्याच राज्यात दोन उदाहरणे आहेत. एप्रिल १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटर पाणी ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून जाहीर झाले. तिथल्या प्रवाळांसाठी तो निर्णय योग्य होता. पण आपली जाळी उचलावी लागतील या धास्तीने स्थानिक मच्छीमार विरोधात उभे राहिले आणि ते नाव पुष्कळ वर्षे नकाशावरच राहिले. दुसरे उदाहरण वेळासचे. मंडणगड तालुक्यातले हे लहानसे गाव नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याला माहीत असते. तिथल्या वाळूत ‘ऑलिव्ह रिडले’ जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात. ती कोल्हे-कुत्री उकरीत, आणि माणसेही नेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या कासवांना संरक्षण होतेच, पण वाळूत कायदा वाचणारे कोणी नव्हते. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केले. पहाटे किनारा फिरायचा, घरटे शोधायचे, अंडी कुंपणातल्या वाळूत तितक्याच खोलीवर पुरायची, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघाली की ती पाण्याकडे सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांतून पाहुणे उतरू लागले, आणि अंड्यापेक्षा पिल्लू गावाला जास्त लाभाचे ठरले.

मी एकदा आमच्या महाविद्यालयाची पंचवीस मुले तिथे नेली होती. उजाडता उजाडता टोपली उपडी केली. तळहातात मावेल एवढे पिल्लू. ते लाटेने तीनदा मागे ढकलले आणि चौथ्यांदा गेले. कादवाकाठचा एक मुलगा, एरवी वर्गात कायम मागे बसणारा, मला विचारतो, "सर, ते जातं कुठं?"

त्याचे उत्तर त्या वेळी माझ्याजवळ नव्हते. ते पुढे मिळाले. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसवून तिला सोडले. तिचे नाव बागेश्री ठेवले होते. ती दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली. आता आपली गोदावरी आठवा. त्र्यंबकला ती उगवते तिथून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण ती पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. निफाड तालुक्यातच, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ, नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. तिथल्या पाणथळीला जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. महाराष्ट्रातली ती पहिली. परदेशी पक्षी पाहायला लोक येतात आणि बंधाऱ्याच्या कडेला अडकलेल्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, निर्माल्याच्या गाठोड्यांकडे पाहत नाहीत. बरेचसे जायकवाडीपर्यंत कुठे ना कुठे अडकते. पण मोठा पूर आला, दरवाजे उघडले, की पाण्यावर तरंगणारे पुढे जाते, आणि ज्या समुद्रात जाते तिथेच कोकणातली बागेश्री चरायला गेली होती. कासव पिशवीला जेलीमासा समजून गिळते. मुलाला मी हे नंतर बाजारात भेटला तेव्हा सांगितले. तो आता शेती करतो. म्हणाला, "म्हणजे सर, आमची बाटली तिथवर."

शेवटी बाजाराकडेच परत येतो. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवले, आणि त्याच वर्षी पन्नासांहून अधिक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये, कारण त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. पापलेट १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. बोंबील अठरा सेंटिमीटर. हे माप ताज्या माशाचे आहे, सुकलेला बोंबील आखडतो. तेव्हा सुक्या बाजारात पट्टी घेऊन जाऊ नये. ओल्या मासळीच्या बाजारात मात्र मी एकदा नेली. नाशिकला, मुलाच्या कंपासपेटीतली. पापलेट अकरा सेंटिमीटर भरले. मासेवाली बाई हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मोठं पाहिजे तर आहे की, पण भाव ऐकून गिऱ्हाईक हेच उचलतं. तुम्हीच गेल्या रविवारी हेच नेलं होतं."

ते खरे होते. मी पट्टी खिशात घातली आणि मोठ्याचा भाव विचारला.